साबांची पहिली केमो सोमवारी आहे. डे-केअरमध्ये नेमकं काय काय होतं?

कोथिंबीरवडी

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आज धागा काढायची वेळ आली.

साबा, म्हणजे माझ्या सासूबाई, ६२ वर्षांच्या. डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, रिपोर्ट आला आणि आता परळला केमो सुरू होतेय. फाईलवर लिहिलंय 'एसी ४, दर २१ दिवसांनी, नंतर पॅक्लि १२, दर आठवड्याला'. डॉक्टरांनी समजावलं नाही असं नाही, पण ओपीडीत तोबा गर्दी आणि आमची डोकी सुन्न. घरी आल्यावर नवऱ्याने एक ऐकलेलं, मी भलतंच. साबांनी तर काहीच ऐकलेलं नाही, त्यांना फक्त केस जाणार एवढंच कळलंय.

तर, उपाशीपोटी न्यायचं का? ॲडमिट करतात का? किती तास लागतात? सुई कुठे लावतात? नातू पाच वर्षांचा आहे आणि आजीला चिकटूनच झोपतो, त्याला लांब ठेवायचा का? आणि डोंबिवलीहून लोकलने नेणं शहाणपणाचं आहे का? कुणी यातून गेलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज. गूगल करून करून माझीच तब्येत बिघडायची वेळ आलीय.

खडूस_काका

उपाशी अजिबात नेऊ नका. पोळीभाजी खाऊन जा. बरोबर शाल न्या, एसी सणसणीत असतो. फोनचा चार्जर न्या. आणि गूगल बंद करा. बाकीचं सिस्टर आक्का लिहितीलच, त्यांची वाट बघा.

सिस्टर_आक्का

काकांनी नाव घेतलंच आहे तर लिहिते. नर्सिंगमधली माझी शेवटची बरीच वर्षं केमो डे-केअरला गेली.

आधी एक. केमो म्हणजे कुठलं एक औषध नव्हे आणि द्यायची एकच तऱ्हाही नव्हे. शिरेतून देतात, गोळ्या देतात, पाठीच्या मणक्यातून देतात, काही आजारांत थेट मूत्राशयात सोडतात. साबांची शिरेतून आहे, तेवढंच सांगते.

एक-दोन दिवस आधी रक्त द्यायचं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), लिव्हरच्या तपासण्या. पहिल्या डोसआधी हिपॅटायटिस बी बघतात आणि तुमच्या औषधासाठी टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) लागतो, कारण 'एसी'मधल्या 'ए'चा, म्हणजे ॲड्रियामायसिन उर्फ डॉक्सोरुबिसिनचा, हृदयावर परिणाम होऊ शकतो. रिपोर्ट हातात असल्याशिवाय कुणीही सुई लावणार नाही. त्या दिवशी परत वजन, उंची, बीपी, ताप. डॉक्टर रिपोर्ट बघून सही करतात, मग चिठ्ठी फार्मसीत जाते. औषध तयार करतात ते बंद काचेच्या कपाटात, हवेचा झोत वेगळा असलेल्या, हातमोजे-गाऊन घालून. म्हणून वेळ लागतो. बाहेर बसलेले लोक चिडतात की नंबर आला तरी औषध येत नाही. अहो, ते कालचं बनवून ठेवलेलं नसतं.

ॲडमिट करत नाहीत. खुर्ची किंवा बेड मिळतो. आधी उलटीची औषधं आणि स्टेरॉइड, ती चढायला अर्धा-पाऊण तास. मग लाल औषध, तेच ते 'ए'. मुद्दाम सांगते, कारण पहिल्यांदा बघितलं की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. सरबतासारख्या लाल रंगाची मोठी सिरिंज असते. बाजूला सलाईन चालू ठेवून नर्स शेजारी बसून ते हाताने, अगदी सावकाश देते. थोडं देऊन झालं की सिरिंजचा दट्ट्या हलकेच मागे ओढून रक्त येतंय ना बघते, आणि मगच पुढे. हे औषध शिरेबाहेर झिरपलं तर आजूबाजूचं मांस जळतं. म्हणून साबांना आत्ताच सांगून ठेवा, देताना जरा जरी चुरचुरलं, दुखलं, ताणल्यासारखं वाटलं तर लगेच बोलायचं. आपल्याकडच्या बायका "सिस्टरला कशाला त्रास" म्हणून गप्प बसतात. इथे गप्प बसायचं नाही.

त्यानंतर दुसरं औषध, म्हणजे 'सी', सायक्लोफॉस्फमाइड, बाटलीतून, अर्धा ते एक तास. ते जोरात सोडलं तर काहींना नाकात झिणझिण्या येतात, सलाईन हळू केलं की थांबतात. शेवटी नुसतं सलाईन, शीर धुऊन काढायला. सगळं मिळून तीन-चार तास धरा, आणि रांगेचा वेळ वेगळा. संध्याकाळी घरी.

सुईचं. डावीकडे ऑपरेशन झालंय, काखेतल्या गाठीही काढल्या असतील, तर त्या हाताला सुई आणि बीपीचा पट्टा शक्यतो नको. म्हणजे उरला एकच हात आणि डोस सोळा. सोमवारच्या आत डॉक्टरांना पोर्टबद्दल विचाराच. गळपट्टीच्या हाडाखाली कातडीच्या आत एक छोटी डबी बसवतात, तिची नळी मोठ्या शिरेत जाते. सुई त्या डबीत टोचायची. वरून बघितलं तर नुसता उंचवटा दिसतो, आंघोळ करता येते. दुसरा मार्ग पिक लाईनचा, दंडातून आत घातलेली नळी. स्वस्त पडते, पण बाहेर लोंबते, दर आठवड्याला ड्रेसिंग करायचं आणि पाणी लागू द्यायचं नाही. मुंबईच्या पावसाळ्यात आणि लोकलच्या धक्काबुक्कीत मी तरी पोर्टच सुचवेन.

गिरगावची_मावशी

आक्का म्हणतात ते कानात प्राण आणून ऐक गं कोथिंबीरवडी. मी हेच औषध घेतलंय. नावं घेत नाही, पण एका छोट्या नर्सिंग होममध्ये मला दुसरा डोस मनगटाजवळच्या बारीक शिरेतून लावला. जळजळतंय म्हटलं तर "केमोत होतंच तसं" म्हणून सलाईन चालूच. पुढे त्या जागेला जखम झाली आणि ती भरायला केमो परवडली एवढा वेळ गेला. आजही तिथली कातडी काळी आणि ओढल्यासारखी आहे. पुढचे डोस दुसरीकडे घेतले, पोर्ट बसवून. तिथली सिस्टर इतकी काटेकोर, की मीच म्हणायचे, बाई गं, आता दे एकदाचं.

दोन गोष्टी तुला कुणी सांगणार नाही. पहिली, घरी आल्यावर लघवी लाल होईल, दीडेक दिवस. रक्त नाही, औषधाचाच रंग. साबांना आधी सांग, नाहीतर मध्यरात्री घर डोक्यावर घेतील. दुसरी, दुसरं औषध मूत्राशयाला त्रास देतं, म्हणून भरपूर पाणी प्यायचं आणि लघवी तुंबवायची नाही. लोकलच्या प्रवासात बायका पाणीच पीत नाहीत, तसं करू नकोस म्हणावं.

केस दोन-तीन आठवड्यांत जातात. मी आधीच बारीक कापून घेतले. उशीवर पुंजके बघण्यापेक्षा ते बरं.

कोथिंबीरवडी

आक्का, मावशी, किती आभार मानू! डॉक्टरांना फोन केला, पोर्ट शनिवारी बसवतायत, उजवीकडे.

आता एक शंका. कागदावर डॉक्सोरुबिसिन ९० मिग्रॅ आणि सायक्लोफॉस्फमाइड ९०० लिहिलंय. ओपीडीत भेटलेल्या एका ताईंचा आजार तोच, औषध तेच, पण आकडे बरेच मोठे. आमच्या साबांना कमी देतायत का? वय बघून?

एम्डी_मुंबई

कमी नाही, मापात देतायत. केमोचा डोस बहुतेक वेळा शरीराच्या पृष्ठभागावरून काढतात. साबांची उंची आणि वजन मी अंदाजाने ओळखून दाखवतो. १५० सेंमी आणि ५४ किलो धरू. गुणाकार ८१००. भागिले ३६००, म्हणजे सव्वादोन. त्याचं वर्गमूळ दीड. झाले दीड चौरस मीटर. डॉक्सोरुबिसिन दर चौरस मीटरला ६० मिग्रॅ, म्हणून ९०. सायक्लोफॉस्फमाइड ६००, म्हणून ९००. त्या ताई उंच किंवा वजनदार असणार, बस. दर वेळी वजन करतात ते याचसाठी. मध्ये बरंच घटलं किंवा वाढलं तर हिशेब पुन्हा. सगळ्याच औषधांना हा नियम नाही. कार्बोप्लॅटिनचा डोस किडनी किती काम करते त्यावरून ठरतो.

२१ दिवसांचं म्हणाल तर ही औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. गाठीतल्या पेशी तशा असतात, पण केसांची मुळं, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर आणि हाडांतला मगजही तसाच. मगजातून रक्तपेशी तयार होतात. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात आणि तिसऱ्या आठवड्यात परत वर येतात. त्या वर आल्या की पुढचा डोस. म्हणून आधी सीबीसी. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १५०० च्या वर आणि प्लेटलेट १ लाखाच्या वर, हा सर्वसाधारण उंबरठा.

डॉक्सोरुबिसिनला आयुष्यभराची मर्यादा असते, दर चौरस मीटरला ४५० ते ५५० मिग्रॅच्या आसपास. तुमच्या चार डोसचे होतात २४०. म्हणजे पुष्कळ अलीकडे थांबतोय. तरी एको चुकवू नका.

गिरगावची_मावशी

डॉक्टर, तुम्ही उंची-वजन ओळखलंत ते ठीक, पण बायकांचं वजन चारचौघांत लिहू नये :)

कोथिंबीरवडी

वजन ५५ आहे हो. उंची तंतोतंत. साबा खूश झाल्या एक किलो कमी धरल्याबद्दल.

निसर्गमित्र_७

इतकं विष शरीरात घालण्यापेक्षा एकदा निसर्गोपचार करून बघा. गुळवेलीचा काढा, गव्हांकुर रस आणि गोमूत्र अर्क, सकाळी अनशापोटी. आमच्या ओळखीत फरक पडलेले अनेक आहेत. केमो कंपन्यांचा धंदा आहे.

खडूस_काका

आले. मी म्हणतच होतो अजून कसे आले नाहीत.

निसर्गमित्र, मी स्वतः आतड्याच्या कॅन्सरची केमो घेतलीय आणि तुमच्याशी भांडायला हयात आहे. एवढा फरक मला पुरेसा आहे.

एम्डी_मुंबई

'विष' म्हणण्याला माझी हरकत नाही, मापाबाहेर गेलं तर आहेच. पण झाडपाल्याला आमचा विरोध असतो हा गैरसमज आहे. साबांना पुढे जे पॅक्लिटॅक्सेल मिळणार ते मुळात यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडलं. लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये वापरतात ते व्हिंक्रिस्टिन आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून आलं. (म्हणून सदाफुलीची पानं चावू नका. हे लिहावं लागतंय, कारण चावणारे पेशंट मी पाहिलेत.) झाडातला नेमका कुठला रेणू, तो किती आणि किती दिवसांनी, हे ठरवायला माणसांची आयुष्यं गेली, तेव्हा त्याचं औषध झालं.

गुळवेलीचं विशेष सांगतो. करोनाच्या काळात घरोघरी काढे सुरू झाले, तेव्हा गुळवेल घेऊन यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. डॉक्सोरुबिसिन आणि पॅक्लिटॅक्सेल दोन्ही यकृतातून बाहेर पडतात. यकृत बिघडलं तर औषध शरीरात साचतं आणि तोच डोस जास्त होतो. काही घेत असाल तर लपवू नका, आम्हाला सांगा. लपवणं जास्त महागात पडतं.

संपादक

निसर्गमित्र_७, उपचार थांबवायला सांगणारे प्रतिसाद या विभागात राहणार नाहीत. पुढचे दोन उडवले आहेत. चर्चा मूळ विषयावर ठेवावी.

खडूस_काका

मूळ विषयावर येतो. माझी तऱ्हा वेगळी होती, कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

दर १४ दिवसांनी. डे-केअरला ऑक्सॅलिप्लॅटिन दोन तास, मग फ्लुरोयुरॅसिलचं एक इंजेक्शन, आणि त्याच औषधाचा उरलेला भाग ४६ तास हळूहळू. त्यासाठी दवाखान्यात निजवत नाहीत. एक प्लॅस्टिकची बाटली देतात, आत रबरी फुगा, तो आपोआप आक्रसत जातो आणि औषध पोर्टमध्ये ढकलत राहतो. ना वीज, ना आवाज. कमरेच्या पाऊचमध्ये घालून मी भाजी आणायला जायचो. शेजारणीला वाटलं मी नवीन इन्सुलिनचं यंत्र घेतलं. तिसऱ्या दिवशी फुगा रिकामा झाला की जाऊन सुई काढून घ्यायची. झोपताना बाटली उशाशी नीट ठेवा, आणि रात्री कूस बदलताना ट्यूब ओढली जाणार नाही हे बघा. गळली तर हात लावायचा नाही, दवाखान्यात फोन. त्यासाठी हातमोजे आणि पिशवी देतात, ती घरी कुठे ठेवलीय हे बायकोलाही माहीत असू द्या.

या ऑक्सॅलिप्लॅटिनची एक गंमत आहे. गंमत आत्ता म्हणतो. थंड काही सहन होत नाही. पहिल्या डोसनंतर फ्रिजमधून दुधाचं पातेलं काढलं आणि बोटांत वीज गेल्यासारखी कळ. थंड पाण्याचा घोट घेतला तर घसा आवळून आला, श्वास कोंडतोय असं वाटलं. कोंडत नसतो, पण वाटतं. महिनाभर फ्रिज उघडायचं काम घरात दुसऱ्यांकडे दिलं. त्यानंतरही मी त्याचा गैरफायदा घेतला हे खरं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ याच आजारासाठी गोळ्या घ्यायचे, कॅपेसिटाबिन. सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, १४ दिवस, मग सात दिवस सुट्टी. लोकांना वाटतं गोळी म्हणजे सौम्य. त्यांच्या तळहातांची आणि तळपायांची सालं निघत होती. गोळीही केमोच.

सिस्टर_आक्का

काकांना अनुमोदन. तोंड येऊ नये म्हणून काही औषधांच्या वेळी बर्फाचे खडे चघळायला देतात, फ्लुरोयुरॅसिलच्या इंजेक्शनला मुद्दाम देतात. पण सोबत ऑक्सॅलिप्लॅटिन असेल तर बर्फ नको. शेजारच्या पेशंटला दिलं म्हणून आपणही मागू नये, ते एवढ्यासाठी.

माणदेशी

राम राम. आमचा अनुभव लेकराचा आहे. पुतण्या सहा वर्षांचा, ब्लड कॅन्सर, एएलएल. गावाकडून परळला आणला तेव्हा आम्हाला वाटलेलं महिनाभरात बरा करून नेऊ. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांच्या वर चालंल. पाय लटपटले. तण एकदा खुरपून भागत नाही, पाऊस पडला की परत येतं, तसं समजा म्हणाले.

त्याला तीन वाटांनी औषध दिलं. शिरेतून, तोंडाने आणि पाठीतून. पाठीतलं इंजेक्शन बघवत नाही पण त्याला पर्याय नाही, कारण शिरेतलं औषध मेंदूच्या पाण्यात पुरेसं पोचत नाही आणि आजार तिथं लपून बसतो. पोराला कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन निजवतात, आधी गुंगीचं देतात. झाल्यावर काही वेळ उताणं पडून राहायचं. वहिनी तेवढा वेळ त्याला गोष्टी सांगायची. व्हिंक्रिस्टिन मात्र फक्त शिरेतूनच. चुकून पाठीत गेलं तर जीव जातो, म्हणून ते वेगळ्या पिशवीत, वेगळ्या वेळी, दोन माणसं नाव वाचून मगच लावायची. आम्हालाही नाव वाचायला शिकवलेलं.

आता गोळ्या चालू आहेत. एक रोज रात्री, आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. हे एकदाच फार ध्यानात ठेवावं लागतं, रोज घेतलं तर घात. आम्ही कॅलेंडरवर शुक्रवारी लाल गोल करतो.

राहण्याचं सांगतो, कारण गावाकडच्यांना औषधाच्या आधी ती चिंता. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. लहान मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत, तिथं मुलगा आणि आई-बाप राहतात, स्वतःचं रांधायला जागा मिळते. दवाखान्यातल्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागते, म्हणून पहिल्याच दिवशी त्या खिडकीवर जावा. रेशनकार्ड असलं तर महात्मा फुले योजनेचं विचारा, तीत केमो बसते. रेल्वेला स्लीपर आणि थ्री एसीत पेशंटला तिकीट माफ, सोबतच्याला ७५ टक्के सवलत. त्याचा फॉर्म दवाखान्यातच सही करून मिळतो.

एम्डी_मुंबई

माणदेशी, पुतण्याला शुभेच्छा. अवांतर, पण राहवत नाही. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे ब्लड कॅन्सरने, गेल्या आणि त्या दुःखातून परळचं टाटा रुग्णालय उभं राहिलं, २८ फेब्रुवारी १९४१ ला. ते उघडलं तेव्हा लहान मुलांच्या या ल्युकेमियाला थोपवणारं एकही औषध जगात नव्हतं. पहिलं वापरलं गेलं ते बॉस्टनमध्ये, सिडनी फार्बर यांनी, १९४७ च्या अखेरीस, लहान मुलांवर. अमिनोप्टेरिन. ते बनवलं होतं लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत, आणि त्या संशोधनाचे प्रमुख होते भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. मेथोट्रेक्सेट हे त्याच औषधाचं भावंड. तुमच्या कॅलेंडरवरचा लाल गोल तिथून आलाय.

डोंबिवलीकर_बंड्या

वाखुसा (वाचनखूण साठवली). लोकलबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटनाही मुभा आहे, फाईल किंवा कार्ड जवळ ठेवा. डोंबिवलीहून सकाळी ८ ते १० मध्ये तोही डबा खचाखच असतो, आणि टाळूवर केस शाबूत असलेल्या पेशंटकडे लोक संशयाने बघतात. पहाटेची गाडी धरा. परतीला टॅक्सी.

सिस्टर_आक्का

सोमवार जवळ आला म्हणून शेवटचं पण सगळ्यांत महत्त्वाचं. थर्मामीटर विकत घ्या. आजच. डिजिटल.

केमो चढवणं आमच्या डोळ्यांसमोर होतं, तिथे काही झालं तर आम्ही असतो. खरी जोखीम घरी, सातव्या दिवसापासून पुढे, पेशी खाली असताना. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला तर ती इमर्जन्सी. रात्रीचे दोन वाजले असोत की घरात सत्यनारायण असो. क्रोसिन देऊन "सकाळी बघू" असं करायचं नाही. गोळीने ताप उतरतो, जंतू तिथेच राहतो, आणि पांढऱ्या पेशी नसताना तो काही तासांत रक्तात पसरतो. कॅज्युअल्टीत गेल्यावर पहिलं वाक्य हे म्हणायचं, "केमो चालू आहे, अमुक तारखेला डोस झाला, ताप आहे." बाकी इतिहास नंतर. थंडी वाजून कुडकुडल्या पण ताप दिसत नाही, तरी जा.

नातवाला लांब ठेवायची गरज नाही, त्याला सर्दी-ताप-कांजिण्या नसतील तर खुशाल कुशीत घ्या. दोन दिवस मात्र साबांची उलटी, लघवी साफ करताना हातमोजे घाला, संडासात झाकण लावून दोनदा फ्लश करा. घरात कुणी गरोदर असेल तर तिने ते काम करू नये.

गिरगावची_मावशी

आणि खाणं. घरचं, ताजं, शिजवलेलं. उसाचा रस, पाणीपुरी, कापून ठेवलेली फळं, बाहेरची चटणी काही महिने बंद. कोथिंबीर वरून कच्ची भुरभुरू नकोस (तुझ्या आयडीची क्षमा मागून), फोडणीत टाक. मला तिसऱ्या दिवसापासून पोळीचा वास नको व्हायचा. मऊ भात, मेतकूट, साजूक तूप, लिंबाचं लोणचं कणभर. आमसुलाचं सार जायचं. आवडीचा पदार्थ मात्र डोसच्या दिवशी करू नकोस. मी डोसच्या दिवशी पुरणपोळी खाल्ली आणि पुढची होळी-गुढीपाडवा तिच्याकडे बघवलं नाही.

कोथिंबीरवडी

अपडेट. पहिला डोस झाला!

सगळं आक्कांनी लिहिल्याबरहुकूम. लाल सिरिंज आली तेव्हा साबांनी डोळे मिटले आणि रामरक्षा म्हटली. सिस्टर नवी पोरगी होती, केरळची. रामरक्षा संपेपर्यंत तिचं औषध संपलं नव्हतं, मग साबांनी भीमरूपीही म्हटली. उलटी नाही झाली, मळमळ दोन दिवस. तीन दिवसांच्या कॅप्सूल दिल्या होत्या आणि रात्री झोपताना ओलान्झापिनची छोटी गोळी. औषधाच्या दुकानदाराने ती मानसिक आजाराची गोळी आहे म्हणून सांगून नवऱ्याला घाबरवलं.

एम्डी_मुंबई

मूळची ती तिकडचीच, पण मळमळीवर फार छान चालते. आधी १० मिग्रॅ द्यायचे, पेशंट दिवसभर पेंगायचे. टाटातच झालेल्या अभ्यासात अडीच मिग्रॅही तितकीच काम करते आणि पेंग कमी येते असं दिसलं. साबांची गोळी बहुधा तीच.

कोथिंबीरवडी

हो, २.५ च आहे!

आता खरी अडचण. दुसऱ्या डोससाठी रक्त दिलं, तर न्यूट्रोफिल ११०० आले. डोस दिला नाही, शुक्रवारी परत रक्त म्हणाले. ताप वगैरे कधीच आला नाही. साबांना वाटतंय आता औषध लागू पडणार नाही, नवऱ्याला वाटतंय आपण खाण्यात कमी पडलो. पपईच्या पानांचा रस देऊ का असं नणंद विचारतेय.

एम्डी_मुंबई

तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच, 'नाही'. मगजाला सावरायला थोडा जास्त वेळ लागतोय, एवढंच. चार-पाच दिवस, फार तर आठवडा पुढे जाणं नेहमीचं आहे, त्याने उपचार वाया जात नाही. ११०० वर डोस रेटला असता तर मी चिंता केली असती. खाण्याचा आणि न्यूट्रोफिलचा तसा थेट संबंध नाही. बहुतेक दुसऱ्या डोसनंतर पेशी वाढवायचं इंजेक्शन सुरू करतील.

सिस्टर_आक्का

ते इंजेक्शन पोटावर किंवा दंडावर कातडीखाली देतात. एकदाच द्यायचं असतं ते केमो संपल्यावर निदान २४ तासांनी, त्याच दिवशी उरकून टाकू नका. फ्रिजमध्ये ठेवायचं, फ्रीजरमध्ये नाही, दुकानातून बर्फाच्या पाकिटासकट आणायचं. दोन-तीन दिवस कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतील. तेव्हा दुखण्याची गोळी कुठली चालेल ते आधी विचारून ठेवा आणि गोळी देण्यापूर्वी ताप मोजा.

गिरगावची_मावशी

पॅक्लि सुरू झालं की परत लिही गं. ते वेगळं प्रकरण आहे. पहिल्या दहा मिनिटांत छाती आवळली, चेहरा लाल झाला तर लगेच हाक मारायची, सलाईन थांबवतात आणि ते निभावतं. नंतर बोटांना मुंग्या येतात, शर्टाची बटणं लागत नाहीत, ते डॉक्टरांना दर वेळी सांगायचं. सहन करत बसायचं नाही.

कोथिंबीरवडी

लिहून ठेवलं. नणंदेला धागा वाचायला दिलाय.

अजून एक बारीक प्रश्न. पोर्टमध्ये सुई टोचताना साबांना फार दुखलं, ऑपरेशनची जागा ताजी होती म्हणून असेल. शुक्रवारी काउंट आले तर त्याच दिवशी डोस आहे. आधी काही लावता येतं का?

सिस्टर_आक्का

येतं. बधिर करायचं क्रीम मिळतं, लिग्नोकेन आणि प्रिलोकेनचं. डॉक्टरांकडून लिहून घ्या. निदान तासभर आधी उंचवट्यावर जाडसर थर द्यायचा, चोळायचा नाही, वर पारदर्शक चिकटपट्टी. डोंबिवलीहून निघताना लावलं तर परळला पोचेपर्यंत बरोबर वेळ होतो. आणि पुढून उघडणारा ब्लाऊज किंवा गाऊन घालून न्या, पडद्याआड कपडे काढायची वेळ येत नाही.